घरच्या म्युझिक सिस्टीममधील हमिंग आणि हिस: दोष नेमका कुठे आहे, हे कसे शोधावे

गाणे सुरू नसताना स्पीकरमधून खालच्या पट्टीत अखंड येणारी घुमघुम, म्हणजे हमिंग, आणि वरच्या पट्टीतला ‘स्स्स’ असा बारीक आवाज, म्हणजे हिस, या दोन तक्रारी बहुतेक जण एका दमात सांगतात. प्रत्यक्षात दोन्हींचा उगम वेगळा आहे आणि उपायही वेगळा आहे. हमिंग जवळजवळ नेहमी वीजपुरवठ्यातून, अर्थिंगमधून किंवा केबलच्या जोडणीतून शिरते. हिस मात्र इलेक्ट्रॉनिक सर्किटच्या अंगचीच असते आणि आवाज कोणत्या टप्प्यावर किती वाढवला आहे, त्यानुसार ती कमी-जास्त होते. नाशिकमधील ज्या घरांत मी हे दोष शोधून दिले, त्यांतील फार थोड्या घरांत अ‍ॅम्प्लिफायर खरोखर बिघडलेला होता. तरीही तोवर केबल बदलून झालेली असते, महागडा स्पाइक गार्ड आणून झालेला असतो, आणि पुष्कळदा अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्तीला नेऊन ‘दुकानात तर व्यवस्थित वाजतो’ हे उत्तर घेऊन परतही आणलेला असतो. दुकानात गप्प बसणारा अ‍ॅम्प्लिफायर घरी आल्यावर घुमत असेल, तर दोष घरच्या जोडणीत आहे असे धरूनच शोध सुरू करावा.

शास्त्रीय गायन ऐकणाऱ्यांना हमिंग इतरांपेक्षा अधिक जाचते आणि त्याला ठोस कारण आहे. आपल्याकडे विजेची वारंवारिता ५० हर्ट्झ आहे, त्यामुळे हमिंग ५० हर्ट्झवर किंवा तिच्या दुपटीवर, म्हणजे १०० हर्ट्झवर, येते. काळी एकमध्ये गाणाऱ्या गायकाचा मध्य षड्ज सुमारे १३८ हर्ट्झचा असतो, तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, ६९ हर्ट्झच्या आसपास, बोलते आणि मंद्र पंचमात लावलेली पहिली तार साधारण १०४ हर्ट्झवर. या तारेखाली १०० हर्ट्झची घुमघुम चालू राहिली, की दोन्ही स्वरांतील फरकामुळे सेकंदाला चारेक आंदोलने ऐकू येतात आणि उत्तम लावलेला तंबोराही उतरल्यासारखा वाटू लागतो. विलंबित ख्यालातील दोन आवर्तनांमधली शांतता तर हमिंगने पूर्णच भरून जाते. म्हणून ‘एवढे तर चालायचेच’ असे म्हणून हा दोष सोडून देऊ नये. तो बहुतेक वेळा पूर्णपणे काढता येतो.

आधी व्हॉल्यूमचा नॉब

कोणतीही वस्तू विकत आणण्यापूर्वी व्हॉल्यूमचा नॉब शून्यावर न्यावा आणि स्पीकरजवळ कान न्यावा. हमिंग तेवढीच राहिली, तर ती व्हॉल्यूम कंट्रोलच्या पुढच्या भागात, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरच्या पॉवर सप्लायमध्ये किंवा पॉवर स्टेजमध्ये, निर्माण होत आहे. नॉब फिरवताना ती वाढत असेल, तर ती अलीकडच्या भागातून, म्हणजे टीव्ही, सीडी प्लेअर, कॉम्प्युटर, रेकॉर्ड प्लेअर किंवा त्यांच्या केबलमधून, येत आहे. या एका चाचणीने शोधाचे क्षेत्र निम्मे होते, आणि तरीही ती फार थोडे लोक करतात.

हमिंग नॉबबरोबर वाढत असल्यास पुढची पायरी म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर बंद करून त्याच्या मागच्या सर्व इनपुट केबल काढणे आणि केवळ स्पीकर जोडलेले ठेवून तो पुन्हा सुरू करणे. आता शांतता असेल, तर एकेक केबल परत जोडावी, दर वेळी अ‍ॅम्प्लिफायर आधी बंद करावा, आणि कोणती केबल जोडल्यावर घुमघुम परतते ते लिहून ठेवावे. येथे घाई करून दोन केबल एकदम जोडू नयेत, कारण दोन उपकरणे मिळून लूप, म्हणजे केबल आणि अर्थिंग यांतून प्रवाह फिरण्याचे बंद वर्तुळ, तयार होत असेल, तर एकट्या उपकरणावर ठेवलेला ठपका चुकीचा ठरतो. केबलचे दुसरे टोक उपकरणातून काढून नुसतेच लोंबकळत ठेवले, तर उघडी केबल अँटेनासारखी वागून स्वतःच हमिंग पकडते. तो निकाल धरू नये. चाचणीसाठी मधली पिन आणि बाहेरची कडी एकमेकींना सोल्डर केलेला आरसीए प्लग, म्हणजे ऑडिओ केबलच्या टोकाला असतो तसा गोल प्लग, जवळ असावा. रिकाम्या इनपुटमध्ये तो बसवला, की त्या इनपुटवर बाहेरून काहीही येत नाही आणि उरलेला आवाज अ‍ॅम्प्लिफायरचाच आहे याची खात्री पटते.

घुमघुम स्पीकरमधून येते की अ‍ॅम्प्लिफायरच्या खोक्यातून, हेही कान लावून पाहावे. ट्रान्सफॉर्मरच्या पट्ट्या सैल झाल्या असतील, तर तो स्वतः थरथरतो आणि लाकडी शोकेस त्या थरथरीला मोठे करते. त्याचा केबलशी किंवा अर्थिंगशी संबंध नसतो. रबराचे पाय बसवून किंवा स्क्रू आवळून घेऊन ही तक्रार पुष्कळ कमी होते.

नॉब शून्यावर असतानाही दोन्ही स्पीकरमधून सारखीच, स्वच्छ १०० हर्ट्झची हमिंग येत असेल आणि ती काही वर्षांत हळूहळू वाढली असेल, तर पॉवर सप्लायमधील फिल्टरचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वाळत आले आहेत, असा अंदाज बहुधा बरोबर निघतो. तापमान दर १० अंशांनी वाढले की या कपॅसिटरचे आयुष्य साधारण निम्मे होते. एप्रिल-मेमध्ये काचेच्या बंद शोकेसमध्ये ठेवलेला अ‍ॅम्प्लिफायर आतून किती तापत असेल, याचा विचार करावा आणि त्याच्या वर व बाजूंना हवा खेळायला जागा ठेवावी. कपॅसिटर बदलण्याचे काम मात्र घरी करू नये. प्लग काढल्यानंतरही त्यांत धोकादायक विद्युतभार शिल्लक राहतो.

ग्राउंड लूप: सर्वांत जास्त आढळणारे कारण

टीव्हीच्या कोपऱ्यातील उपकरणे एका पॉइंटवर आणि अ‍ॅम्प्लिफायर समोरच्या भिंतीवरील दुसऱ्या पॉइंटवर, अशी मांडणी आपल्या घरांत सर्रास असते. दोन्ही पॉइंटची अर्थ कागदावर एकच असली, तरी वायरची लांबी आणि इतर उपकरणांची गळती यांमुळे दोन टोकांत थोडा व्होल्टेज-फरक राहतोच. ऑडिओ केबल जोडली, की तिच्या शिल्डमुळे, म्हणजे आतल्या तारेभोवतीच्या धातूच्या आवरणामुळे, ही दोन टोके दुसऱ्या वाटेनेही एकमेकांना मिळतात, वर्तुळ पूर्ण होते आणि शिल्डमधून ५० हर्ट्झचा प्रवाह वाहू लागतो. साध्या आरसीए केबलमध्ये शिल्ड हीच सिग्नलची परतीची वायर असते, त्यामुळे तिच्यावर पडलेला व्होल्टेज सरळ गाण्यात मिसळतो. शिल्डचा रोध ०.१ ओहम आणि प्रवाह १० मिलिअँपिअर धरला, तरी १ मिलिव्होल्ट होतो. घरगुती लाइन पातळीचा सिग्नल सुमारे ३०० मिलिव्होल्टचा असतो, म्हणजे हमिंग गाण्यापेक्षा केवळ ५० डेसिबलने खाली राहते, आणि रात्री रहदारी थांबल्यावर एवढी हमिंग शांत खोलीत स्पष्ट ऐकू येते.

गंगापूर रोडवरील एका फ्लॅटमध्ये असाच दोष शोधताना सेट-टॉप बॉक्सची गोल अँटेना केबल काढली आणि घुमघुम तत्क्षणी थांबली. केबल परत बसवताना कनेक्टरची बाहेरची धातूची कडी बॉक्सच्या आट्यांना नुसती टेकली, तरी ती पुन्हा सुरू होई. मधली तार तोपर्यंत भोकात शिरलेलीही नसे. म्हणजे टीव्हीच्या सिग्नलचा येथे काही संबंध नव्हता. इमारतीबाहेरून, बऱ्याच अंतरावरून आलेल्या केबलची शिल्ड दुसरीकडे कुठेतरी अर्थ झालेली होती आणि सेट-टॉप बॉक्स, टीव्ही, ऑडिओ केबल, अ‍ॅम्प्लिफायर या वाटेने तो प्रवाह घरातल्या अर्थिंगकडे जात होता. टीव्हीशी जोडलेल्या प्रत्येक सिस्टीममध्ये ही चाचणी पहिल्यांदा करावी, कारण अनेकांना अँटेना केबलवर संशयच येत नाही.

उपाय सोप्यापासून सुरू करावेत. अ‍ॅम्प्लिफायर, टीव्ही, सेट-टॉप बॉक्स आणि स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर असलेला सबवूफर ही सगळी उपकरणे एकाच चांगल्या एक्स्टेंशन बोर्डवर आणि एकाच भिंतीच्या पॉइंटवर घ्यावीत. ६ अँपिअरचा पॉइंट सुमारे १,३८० वॉटपर्यंतचा भार घेतो. घरच्या म्युझिक सिस्टीमला तो पुरेसा आहे, मात्र त्या बोर्डवर इस्त्री लावू नये. खोलीच्या टोकाला दुसऱ्या पॉइंटवर असलेला सबवूफर हे हमिंगचे अगदी नेहमीचे ठिकाण आहे, आणि त्याची वीज अ‍ॅम्प्लिफायरच्या बोर्डवरून घेतली की बहुतेक वेळा काम होते.

एवढ्याने भागले नाही, तर टीव्ही आणि अ‍ॅम्प्लिफायर यांच्यामध्ये ऑप्टिकल केबल वापरावी. तिच्यातून प्रकाश जातो, वीज जात नाही, त्यामुळे लूप मुळातच तुटतो. अ‍ॅम्प्लिफायर फक्त स्टिरिओ असेल, तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट पीसीएमवर ठेवावे, नाहीतर काहीच ऐकू येत नाही. ऑप्टिकलची सोय नसल्यास ग्राउंड लूप आयसोलेटर, म्हणजे दोन छोटे ऑडिओ ट्रान्सफॉर्मर असलेली डबी, केबलच्या मध्ये बसवता येते. माझ्या मते हा दुसऱ्या पसंतीचा उपाय आहे, कारण स्वस्त डबीतील ट्रान्सफॉर्मर लहान असतात आणि तबल्याच्या डग्ग्याचा भरणा त्यांत पातळ होतो. केबल टीव्हीच्या वायरसाठी वेगळा आयसोलेटर मिळतो. डिश अँटेनाच्या वायरवर तो चालत नाही, कारण डिशवरील एलएनबीला, म्हणजे सिग्नल पकडणाऱ्या भागाला, त्याच वायरमधून १३ किंवा १८ व्होल्टचा पुरवठा जातो आणि आयसोलेटर तो अडवतो.

अर्थिंगविषयी सविस्तर

तीन पिनांच्या प्लगची वरची जाड पिन काढली, की हमिंग बंद होते, हे अनेकांना कोणीतरी सांगितलेले असते. हमिंग कधी कधी खरोखर बंद होते, कारण लूप तुटतो. पण त्याच क्षणी उपकरणाच्या धातूच्या खोक्याचे संरक्षणही जाते, आणि आत इन्सुलेशन फुटले तर खोके २३० व्होल्टवर येऊन उभे राहते. घरात लहान मूल असो वा नसो, ही पिन कोणत्याही कारणाने काढू नये. मुख्य बोर्डवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच, नसेल, तर म्युझिक सिस्टीमवर आणखी खर्च करण्याआधी तो बसवून घ्यावा.

पंचवटी, रविवार कारंजा आणि जुन्या नाशिकमधील अनेक वाड्यांचे वायरिंग मुळात दोन पिनांचे होते. नंतर पॉइंट तीन पिनांचे झाले, पण भिंतीतून अर्थची वायर आलीच नाही आणि वरचे भोक रिकामेच राहिले. तीन पिनांच्या आधुनिक उपकरणांत गाळणीसाठी फेज आणि न्यूट्रलपासून खोक्याकडे एकेक छोटा कपॅसिटर जोडलेला असतो. अर्थ नसेल, तर हे दोन कपॅसिटर मिळून खोके पुरवठ्याच्या निम्म्या, म्हणजे सुमारे ११५ व्होल्टच्या, पातळीवर तरंगत ठेवतात. प्रवाह अत्यल्प असतो, पण हाताची मागची बाजू खोक्यावरून हलकेच फिरवली की मुंग्या आल्यासारखे होते, आणि टेस्टरचा दिवाही मंद पेटतो. असे दोन तरंगते खोके ऑडिओ केबलने जोडले, की ती गळती शिल्डमधूनच वाहते आणि बारीक, खरखरीत हमिंग ऐकू येते. अशा ठिकाणी आयसोलेटर किंवा महागडी केबल हा उपाय नाही. मुख्य बोर्डपासून अर्थची वायर ओढून घेणे हाच उपाय आहे.

हे तपासण्याचे काम परवानाधारक वायरमनकडून करून घ्यावे. मल्टिमीटरवर फेज आणि न्यूट्रल यांच्यात सुमारे २३० व्होल्ट यावेत, फेज आणि अर्थ यांच्यात जवळजवळ तेवढेच, आणि न्यूट्रल व अर्थ यांच्यात साधारण एक-दोन व्होल्ट. शेवटचा आकडा काही दहा व्होल्टचा आणि अस्थिर असेल, तर अर्थची वायर कुठेतरी तुटलेली आहे. तो घरात भार चालू असतानाही अगदी शून्यच येत असेल, तर पॉइंट उघडून पाहायला सांगावे, कारण काही ठिकाणी अर्थच्या टर्मिनलवर न्यूट्रलचीच वायर वळवून ‘अर्थिंग करून दिले’ असे सांगितलेले असते. ही जोडणी जीवघेणी आहे. त्या पॉइंटच्या अलीकडे वायरिंगमध्ये कुठेही न्यूट्रल तुटली, की त्या पॉइंटवरील प्रत्येक धातूच्या खोक्यात पूर्ण दाबाची वीज येते.

स्वतंत्र बंगला किंवा रो-हाउस असेल, तर अर्थपिटकडे, म्हणजे अर्थिंगचा इलेक्ट्रोड पुरलेल्या खड्ड्याकडे, पाहावे. नाशिक परिसरात वर काळी माती, खाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण, असे थर अनेक ठिकाणी थोड्याच खोलीवर लागतात. खडक लागला म्हणून खड्डा उथळ सोडला, तर त्यातील ओल लवकर जाते. शिवाय काळी माती उन्हाळ्यात आक्रसून इलेक्ट्रोडपासून सुटते. मेमध्ये वाढणारी आणि पावसाळा लागला की आपोआप कमी होणारी हमिंग असेल, तर पिटमध्ये पाणी घालून फरक पाहावा आणि पिटचा रोध मोजून घ्यावा. घरगुती कामात तो ५ ओहमच्या आत असावा, असे वायरमन धरतात. मात्र चांगला अर्थपिट गळतीचा त्रास कमी करतो, ग्राउंड लूप तोडत नाही, हे लक्षात ठेवावे. म्युझिक सिस्टीमसाठी अंगणात वेगळी सळई ठोकून ‘स्वतंत्र अर्थिंग’ घेण्याची कल्पना काहींना फार आवडते. तिने दोन अर्थमधला व्होल्टेज-फरक वाढतो, म्हणजे हमिंग वाढण्याचीच शक्यता असते, आणि वळवाच्या पावसात जवळपास वीज पडली तर दोन अर्थमधील प्रचंड फरक थेट उपकरणांवर येतो. घराला एकच अर्थ-व्यवस्था असावी आणि सगळे तिलाच जोडलेले असावे.

रेकॉर्ड प्लेअरची हमिंग

रेकॉर्ड प्लेअरचा प्रश्न स्वतंत्र आहे. सुई बसवलेली मूव्हिंग मॅग्नेट प्रकारची कार्ट्रिज जेमतेम ३ ते ५ मिलिव्होल्ट देते. फोनो प्रीअ‍ॅम्प ते सुमारे १०० पट वाढवतो, आणि रेकॉर्ड छापताना कमी केलेला खर्ज भरून काढण्यासाठी ५० हर्ट्झला त्यावर आणखी सुमारे १७ डेसिबल, म्हणजे सात पट, उचलतो. थोडक्यात, कार्ट्रिजच्या वायरीत शिरलेली हमिंग ७०० पटींनी मोठी होऊन बाहेर येते. म्हणून आरसीए केबलसोबत येणारी बारीक तिसरी वायर प्रीअ‍ॅम्पच्या ‘ग्राउंड’ स्क्रूखाली घट्ट बसलेली आहे ना, हे प्रथम पाहावे. तिच्या टोकावरचा चिमटा काळा पडला असेल तर घासून घ्यावा. हमिंग एकाच बाजूच्या स्पीकरमध्ये असेल, तर त्या बाजूची कार्ट्रिजमागची चिमुकली वायर सैल किंवा तुटलेली असते. व्हॉल्यूम थोडा वाढवून, रेकॉर्ड न लावता, सुई वर उचललेला टोनआर्म हाताने हळूहळू मध्याकडे न्यावा. हमिंग जागेनुसार बदलत असेल, तर कार्ट्रिज मोटरचे किंवा शेजारच्या ट्रान्सफॉर्मरचे चुंबकीय क्षेत्र पकडत आहे. अशा वेळी अ‍ॅम्प्लिफायरवरच ठेवलेला रेकॉर्ड प्लेअर हातभर बाजूला सरकवल्याने होणारा फरक कोणत्याही केबलने होत नाही.

उरलेली काही कारणे थोडक्यात सांगतो. हमिंगऐवजी तीक्ष्ण कडांची गुरगुर येत असेल, तर पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, दिव्याचा डिमर आणि स्वस्त एलईडी दिवे एकेक करून बंद करून पाहावेत. वीज गेल्यावरच गुरगुर सुरू होत असेल, तर इन्व्हर्टर चौकोनी लहरींचा आहे. साइन वेव्ह इन्व्हर्टरवर ती येत नाही. लॅपटॉप चार्जरवर असताना आवाज येतो आणि बॅटरीवर थांबतो, तर ग्राउंड लूप चार्जरमधून आहे.

हिस

हिस पूर्णपणे शून्य करता येत नाही, कारण प्रत्येक रोधातील इलेक्ट्रॉनच्या उष्ण हालचालींतून ती निर्माण होते. व्हॉल्यूम शून्यावर असताना ट्वीटरजवळ कान नेल्यावरच ती ऐकू येत असेल आणि बसायच्या जागेवरून येत नसेल, तर तेथे दोष नाही. बसायच्या जागेवरूनही ऐकू येत असेल, तर बहुतेक वेळा आवाज चुकीच्या टप्प्यावर वाढवलेला असतो. मोबाइलचा आवाज निम्म्यावर आणि अ‍ॅम्प्लिफायरचा नॉब तीन-चतुर्थांशावर, ही मांडणी उलट करावी: मोबाइल किंवा कॉम्प्युटर नव्वद टक्क्यांच्या आसपास ठेवावा आणि घरातला आवाज अ‍ॅम्प्लिफायरवरून ठरवावा. गाणे उगमाशीच मोठे असेल, तर पुढे हिस उचलावी लागत नाही. ब्लूटूथ रिसीव्हरचा वेगळा व्हॉल्यूम असेल, तर तोही असाच वर ठेवावा. ट्रेबलचा नॉब पूर्ण वर नेऊन ठेवलेला असतो, तो मधोमध आणावा.

एफएमवर हिस येत असेल, तर मोनोचे बटण दाबून पाहावे. क्षीण सिग्नलवर स्टिरिओ रिसेप्शन मोनोपेक्षा बरेच अधिक खरखरते. जुन्या कॅसेटची हिस टेपच्या कणांतून येते. कॅसेट डॉल्बी बी या हिस कमी करणाऱ्या पद्धतीत मुद्रित असेल, तर डेकवरील डॉल्बीचे बटण चालू केल्याने ती सुमारे १० डेसिबलने उतरते. मुद्रण डॉल्बीशिवाय असेल, तर हेच बटण आवाजातील धार मारते, तेव्हा ते बंदच ठेवावे. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाने पुसावे. नॉब फिरवताना होणारी खरखर ही हिस नव्हे. ती पोटेन्शिओमीटरमध्ये साचलेल्या धुळीची आहे आणि सिस्टीम बंद करून कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारून नॉब पंधरा-वीस वेळा फिरवला की जाते.

व्हॉल्यूम शून्यावर, सर्व इनपुट काढलेले, आणि तरीही एकाच बाजूला दुसरीपेक्षा ठळक हिस असेल, तर दोन्ही स्पीकरच्या वायरी, अ‍ॅम्प्लिफायर बंद करून, आपापसांत बदलाव्यात. हिस वायरीबरोबर दुसऱ्या स्पीकरकडे गेली, तर अ‍ॅम्प्लिफायरच्या त्या चॅनेलमधला एखादा ट्रान्झिस्टर किंवा आयसी गोंगाट करू लागला आहे. तो दुरुस्तीला देताना चिठ्ठीवर ‘व्हॉल्यूम शून्य, इनपुट रिकामे, डावा चॅनेल’ एवढे लिहून द्यावे, म्हणजे कारागीर सीडी प्लेअर जोडून गाणे वाजवून पाहण्यात वेळ घालवणार नाही आणि सरळ पॉवर स्टेज तपासेल.